वेलीला मजला कळत नाही

पुण्यात जमीन घेण्याची ऐपत नसलेला माणूस एक तर जमिनीच्या भावांबद्दल बोलत बसतो, नाहीतर भिंतीकडे बघू लागतो. भिंत फुकट असते. निदान तसं वाटतं. तिच्यावर ऊन पडत असतं, ते वाया जात असतं, आणि मराठी मध्यमवर्गाला वाया जाणारी गोष्ट बघवत नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, जुन्या साडीची गोधडी होते. मग चार मजले उंच, दिवसभर नुसती तापत उभी असलेली भिंत अशीच कशी सोडायची?

आमच्या कोथरूडच्या इमारतीत ही दृष्टी सर्वांत आधी दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना आली. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे वेळ होता, गॅलरी होती, आणि नातवानं दिलेला टॅब होता. त्या टॅबवर कुणीतरी गोरा गृहस्थ स्वेटर घालून सांगत होता की फळझाडं कुंडीत लावायची तर दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत गाठा. आजोबांनी होकायंत्र आणलं.

इंग्रजांच्या बागकामात दक्षिणेच्या भिंतीला मोठा मान आहे, आणि तो साहजिक आहे. त्यांच्याकडे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच, आणि हिवाळ्यात तर तो जेमतेम वर येतो. भिंतीनं दिवसा ऊब साठवायची, रात्री ती झाडाला परत द्यायची, या भरवशावर त्यांनी त्या गारठ्यात अंजिरं पिकवली. लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यातली अंजिरं कार्डिनल पोल यांनी सोळाव्या शतकात लावली असं सांगतात. पुण्याचा हिशेब निराळा. आपण साडेअठरा अक्षांशांवर. मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. हौशी मंडळी त्या दिवशी गच्चीत बाटल्या उभ्या करून सावली नाहीशी झालेली बघतात. तिथून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला ऊन मिळतं ते डिसेंबर-जानेवारीत, आणि मे महिन्यात सगळं ऊन दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. रात्री जेवणं झाल्यावर हात लावला तरी ती भिंत गरम असते. आपल्याकडे झाडाला ऊब देणारी भिंत शोधावी लागत नाही; भिंतीपासून झाड कसं वाचवायचं ते शोधावं लागतं.

आजोबांनी हे सगळं वहीत मांडलं, दोन्ही भिंती निवडल्या, आणि कामाला लागले.

पहिला प्रश्न भांड्यांचा. कुंडी ही विकत घ्यायची वस्तू आहे असं मानणारा माणूस या क्षेत्रात नवशिका. आजोबांच्या गॅलरीत रंगाचे वीस लिटरचे डबे आले, मासळीवाल्याकडचे थर्माकोलचे खोके आले, गळका माठ आला, आणि पहिल्या मजल्यावर बाथरूमचं नूतनीकरण निघालं तेव्हा जुनं बेसिनही आलं. बेसिनला पाणी जायला भोक आयतंच असतं, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. रंगाच्या डब्यांवर बाहेरून ‘गळतीपासून दहा वर्षं मुक्ती’ असं छापलेलं होतं आणि खालून पाणी ठिबकत होतं. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पश्चिमेच्या उन्हात आतून इतक्या तापत की मुळं भाजायची. म्हणून आजोबांनी त्यांना बाहेरून चुना फासला, पिशवी मोठ्या डब्यात ठेवून मधल्या फटीत पालापाचोळा कोंबला, आणि वरून ओलं पोतं पांघरलं. हा उपाय खरोखर चालतो. दिसायला मात्र गॅलरीत कुणीतरी आजारी आहे असं वाटतं.

गॅलरी भरल्यावर ते गच्चीवर गेले. गच्चीच्या कठड्याच्या भिंतीशी निळी पिंपं अर्धी कापून ठेवली. आणि इथे सेक्रेटरींचा प्रवेश झाला. आमचे सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर, म्हणजे गच्चीच्या बरोबर खाली राहतात. गच्चीवर पडणाऱ्या प्रत्येक थेंबाकडे ते संभाव्य गळती म्हणून बघतात. ते वर आले, पिंपांभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “आजोबा, एका पिंपाचं वजन किती?”

“शंभर लिटर माती. ओली असली की दीडशे किलो.”

“म्हणजे दोन धडधाकट माणसं. कायमची. माझ्या डोक्यावर उभी.”

“माणसं तुम्ही गणेशोत्सवात दोनशे उभी करता.”

“ती रात्री खाली जातात!”

सेक्रेटरींचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. इमारतीनं तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं असं उपविधी सांगतात, आणि आमची इमारत तिशीच्या उंबरठ्यावर होती. पण आजोबांनी तयारी केली होती. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी उसाच्या चिपाडावर गच्चीत फळं-भाजी घेऊन दाखवली आहे, पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली आहे, हे सगळं त्यांनी ऐकवलं. दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या रसवंतीगृहातून चिपाडाची पोती येऊ लागली. चिपाड, पालापाचोळा, थोडं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. वजन निम्म्यावर आलं. चिलटं दुपटीवर गेली. सेक्रेटरींनी वजनाचा मुद्दा मागे घेतला आणि चिलटांचा पुढे केला.

आता आमच्याबद्दल. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुसऱ्या मजल्यावर लावलेला वेल वर जाताना आमच्या गॅलरीतून जातो, आणि गच्चीवरून सोडलेला वेल खाली येताना आमच्याच खिडकीशी थांबतो. मूळ आमचं नाही, फळ आमचं नाही. आमच्या वाट्याला पानं. झाडांच्या राज्यात मधल्या मजल्याला स्वतःचं असं काही नसतं.

तरीही मधल्या मजल्यावरून एक गोष्ट छान दिसते, ती म्हणजे कारल्याचा तणावा. केसापेक्षा थोडा जाड, हिरवा, पुढे टोकाशी किंचित वाकलेला. तो हवेत हळूहळू गोल फिरतो आणि काहीतरी लागेपर्यंत फिरतच राहतो. आमच्याकडे त्याला कपड्यांची दोरी लागली. संध्याकाळपर्यंत त्यानं दोरीला वेढे घातले, आणि मग मधल्या मोकळ्या भागाची गुंडाळी करून सगळा वेल दोरीकडे ओढून घेतला. ही गुंडाळी नीट बघावी: अर्धी एका दिशेनं, मध्ये एक सरळ जागा, आणि उरलेली अर्धी उलट दिशेनं. दोन्ही टोकं पकडलेली असताना एकाच दिशेनं पीळ देता येत नाही, म्हणून वेल अर्ध्यात दिशा बदलतो. चार्ल्स डार्विन आजारपणात खोलीत अडकून पडला असताना कुंडीतल्या वेलीचा शेंडा कसा फिरतो याच्या नोंदी करत असे; वेलींच्या हालचालींवरचा त्याचा प्रबंध १८६५ साली प्रसिद्ध झाला. आमच्या इमारतीतली निम्मी निवृत्त मंडळी तेच काम रोज करतात, फक्त प्रसिद्ध करत नाहीत. माझा बनियन मात्र त्या दोरीवरून आठवडाभर काढता आला नाही, कारण “तणावा तुटला तर वेल खचेल” असा खालून निरोप होता.

कारल्यापाठोपाठ पडवळ आलं. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात, हे मला ऐकून माहीत होतं. तो दगड आपल्या बेडरूमच्या खिडकीबाहेर लोंबताना बघणं ही वेगळी गोष्ट आहे. पडवळ जसजसं वाढे तसतसा दगड खाली उतरे. रात्री वारा सुटला की काचेवर टक् टक् होई. आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या आत्याबाईंनी पहाटे रामरक्षा म्हटली ती त्या दगडामुळे.

पण वेलवर्गीय शेतीतला खरा उद्योग दुधीचा. दुधीच्या वेलाला आधी नुसती नरफुलं येतात, लांब देठावर, दिमाखात. मादीफूल नंतर येतं, मोजकंच येतं, आणि त्याच्या बुडाशी बोटाएवढा दुधी आधीच तयार असतो. फुलं उमलतात दिवेलागणीला. त्या वेळी मधमाश्या घरी गेलेल्या असतात आणि चौथ्या मजल्यापर्यंत येणारे पतंग भरवशाचे नसतात. त्यामुळे लग्न माणसानं जुळवावं लागतं. आजोबा संध्याकाळी सातला बॅटरी घेऊन गच्चीवर जात, आणि तिथे वधूवर सूचक मंडळाचं काम सुरू होई. स्थळं उदंड, मुली दोन. त्यातली एक उद्या उमलणार, म्हणजे आज बोलणी नाहीत. दुसरीसाठी त्यातल्या त्यात ताजा, परागानं भरलेला मुलगा निवडायचा, त्याच्या पाकळ्या सोलून काढायच्या आणि त्याला मुलीकडे नेऊन टेकवायचा. जमलं तर चार दिवसांत बोटाएवढा दुधी मान खाली घालून भरू लागतो. नाही जमलं तर पिवळा पडून गळतो, आणि आजोबा खाली येऊन आजींना सांगतात, “फिसकटलं.” आजी म्हणतात, “पत्रिका बघितली होती का?”

द्राक्षाची कथा याहून गंभीर. गच्चीवरच्या एका पिंपात आजोबांनी द्राक्षाचा वेल लावला होता. त्यानं कठड्याची भिंत झाकली, टाकीचा पाइप झाकला, टीव्हीची जुनी छत्री झाकली. फळाचं नाव नाही. हिरवागार वेल बघून इमारतीला अभिमान वाटत होता. ऑक्टोबरात आजोबांचे व्याही आले. ते निफाडचे, तीन पिढ्यांची बाग. त्यांनी वेलाकडे बघितलं आणि विचारलं, “व्याहीबुवा, एप्रिलात खरड घेतली होती का?”

“पाडव्याच्या सुमाराला एक कुंडी सरकवताना निम्म्याहून जास्त तोडावा लागला होता.”

“चला, नशीब. आता कात्री द्या.”

आपल्याकडे थंडी अशी पडत नाही की वेल आपला आपण पानं गाळून झोपेल. म्हणून महाराष्ट्रात द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, ती नव्या काड्या फुटाव्यात म्हणून. त्या काड्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्याच्या उन्हात घड आतल्या आत घडतो. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती तो घड बाहेर यावा म्हणून. व्याह्यांनी हे सांगत सांगत, काडी बोटांनी वाकवून बघत, डोळे मोजत, तासाभरात वेलाचा सांगाडा केला. गच्चीवर हिरवा ढीग पडला. आजींनी पदर डोळ्यांना लावला. “भरल्या घरात हिरव्या वेलाला कात्री लावतात का?” व्याही म्हणाले, “वहिनी, कात्री लावत नाही तो बागाईतदार नाही, माळी.” आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

पण काड्यांना डोळे फुटले. कोवळ्या फुटीत घड दिसू लागले. आणि मग काही घड दिसता दिसता बारीक होत चक्क तणावे झाले. शेतकरी याला घड जिरणे म्हणतात. द्राक्षात घड आणि तणावा एकाच अंकुरातून येतात. पोसायला ताकद कमी पडली की वेल फळाचा बेत रद्द करतो आणि तोच अंकुर पकड घ्यायला वापरतो. खर्च परवडत नसेल तर माणूसही समारंभ रद्द करून घराची डागडुजी करून घेतोच की. फेब्रुवारीत उरलेले घड उतरले. मणी वाटाण्याएवढे, गोल. बाजारातली लांबट द्राक्षं तशी होतात ती जिब्रेलिक अ‍ॅसिडच्या वापरानं, हे आजोबांनी प्रत्येकाला मणी देताना ऐकवलं. गोष्टीतल्या कोल्ह्याला द्राक्षं मिळाली नाहीत म्हणून ती आंबट होती. आजोबांना मिळाली होती आणि तरी आंबट होती, पण ते ऐन फेब्रुवारीत त्यांच्यासमोर कोण बोलणार? इमारतीनं एकमुखानं “वा!” म्हटलं. एका काकूंनी घरी जाऊन चटणी केली.

अंजिराचा बहार शांततेत गेला, कारण त्यात माणसांचा सहभाग नव्हता. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे खट्टा आणि मीठा असे दोन बहार घेतात. आमच्याकडे बुलबुल दोन्ही घेतात. अंजीर मऊ पडून देठाशी मान टाकतं तो त्याचा तोडण्याचा दिवस, आणि बुलबुल त्याच्या आदल्या दिवशी येतो. आजोबांनी प्रत्येक फळाला कांद्याच्या लाल जाळीची पिशवी बांधली. रस्त्यावरून बघणाऱ्याला गच्चीत कांद्याचं झाड दिसे. बुलबुलांनी जाळीच्या भोकांतून चोची घालून गर खाल्ला आणि साल आत व्यवस्थित ठेवली. पिशवी उघडेपर्यंत फळ आहे असाच समज राहतो, ही त्या जाळीची खरी सोय.

आमच्या घरातही बागकामाचा संसर्ग पोहोचलाच. हिनं सोलापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून कागदी लिंबाचं रोप आणलं. हातभर रोप, पण वर दोन लिंबं लटकलेली. अशा ठिकाणी रोप विकलं जात नाही, लिंबं विकली जातात. घरी आल्यावर एक लिंबू पहिल्याच रात्री गळालं आणि दुसरं पाहुण्यांना दाखवताना. मग पानांवर पक्ष्यांनी शिटावं तशी भुरकट-पांढरी घाण दिसू लागली. ही पुसायला गेली तर ती घाण पुढे सरकली. लिंबाच्या फुलपाखराची अळी लहानपणी असं सोंग घेते. मोठी झाली की हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. काडीनं डिवचलं की डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि घाणेरडा उग्र वास सोडते. आमच्या मुलीनं हे बघितलं आणि त्या क्षणी लिंबाचा ताबा आमच्याकडून गेला. अळीला हात लावायचा नाही. शाळेत प्रकल्प आहे. खालच्या मजल्यांवरची मुलं रांगेनं येऊन शिंगं बघून गेली. पानं संपली, कोश झाला, एके सकाळी पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू गॅलरीतून उडालं. प्रकल्पाला पैकीच्या पैकी. लिंबं आम्ही मंडईतून आणतो.

या सगळ्यात इमारतीच्या घटनेला धक्का लावला तो कृष्णफळानं, म्हणजे पॅशन फ्रूटनं. रूप कृष्णकमळाचं: बाहेर जांभळ्या-पांढऱ्या तंतूंचे कौरव, मधे पाच पांडव आणि त्यांच्यावर तीन देव, असं आजी प्रत्येक फूल धरून मोजून दाखवत. भुंगा आला की त्याच्या पाठीला पराग लागतो आणि काम होतं. बॅटरी लागत नाही. आजोबांनी हा वेल दुसऱ्या मजल्यावर, त्या बेसिनमध्ये लावला. वेलाला मजला कळत नाही. पहिल्या पावसाळ्यात तो आमच्याकडे आला, दुसऱ्यात त्यानं चौथ्या मजल्याची ग्रिल गाठली आणि फुलला तो तिथेच. मूळ आजोबांकडे, पानं आमच्याकडे, फळं सेक्रेटरींच्या खिडकीत. शिवाय हे फळ पिकलं की तोडावं लागत नाही. ते आपलं आपण खाली पडतं. खाली तळमजल्यावरच्या वकीलसाहेबांची नवी गाडी उभी असते.

पहिलं फळ टपावर पडलं आणि नोटीस लागली. ‘सामाईक भिंतीवर विनापरवाना वेल वाढवून इतर सभासदांच्या मालमत्तेस उपद्रव’ अशी तिची सुरुवात होती. विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत आला. वकीलसाहेब म्हणाले, बाहेरची भिंत संस्थेची, म्हणून वेल अतिक्रमण. आजोबा म्हणाले, बेसिन माझ्या गॅलरीत आहे. वेल कुठे गेला ते वेलाला विचारा. कुणीतरी विचारलं, भिंत संस्थेची तर भिंतीवरची फळंही संस्थेची का? सेक्रेटरी, जे एरवी उपविधी तोंडपाठ म्हणतात, ते इथे गप्प बसले. कारण तोवर त्यांच्या घरी त्या फळांचं सरबत रोज होत होतं, आणि सभेला जे पिवळसर, आंबटगोड पेय वाटलं जात होतं ते सौ. सेक्रेटरींनीच केलेलं होतं. वकीलसाहेबांनीही दुसरा पेला घेतला.

सरबत संपल्यावर ठराव झाला. इतिवृत्तात तो असा आहे: ‘सदर वेल संस्थेच्या खर्चाने काढून टाकण्यात यावा, तथापि सध्या वेलास फळे असल्याने फळे उतरेपर्यंत अंमलबजावणी तहकूब ठेवावी.’ सूचक सेक्रेटरी, अनुमोदक वकीलसाहेब. सर्वानुमते मंजूर.

कृष्णफळाचा वेल एकीकडे पिकतो आणि दुसरीकडे फुलतो. पहिली फळं उतरेपर्यंत पुढची लागलेली असतात. हे आजोबांना माहीत होतं. सेक्रेटरींना त्याहून चांगलं माहीत होतं. वकीलसाहेबांनी गाडीसाठी जाड आच्छादन आणलं, आणि वॉचमनला सांगून ठेवलं की सकाळी त्याच्यावर जे काही पडलेलं असेल ते इकडेतिकडे न देता थेट आपल्याकडे आणावं.